ढब्बूचं अंथरूण

ढब्बूला सांभाळण्यात रत्नाकररावांचा फायदा उघड होता. कुत्रा मुलाचा, शार्दूलचा. तो सिंगापूरला गेला आणि बारा वर्षांचा, मागच्या पायांनी अधू झालेला ढब्बू बेंगळुरूतल्या बनशंकरी भागातल्या घरी ठेवून गेला. आधी त्याचा फोन पंधरा दिवसांतून एकदा यायचा. आता रोज सकाळी सातला व्हिडिओवर, आठ मिनिटं. त्यातली सात ढब्बूची, एक वडिलांचं. रत्नाकररावांना एकही चालत होतं.

डिसेंबरात बेंगळुरूचा पारा चौदावर आला. धनुर्मास लागलेला, त्यामुळे बायकोच्या, हेमलताबाईंच्या सोवळ्यात कुत्र्याला घरात मज्जाव. रत्नाकररावांनी व्हरांड्यात लाकडी फळी टाकली, वर चादर. सकाळी पाहतात तर चादर गायब, आणि ढब्बू उघड्या फळीवर कुडकुडतोय. दुसऱ्या दिवशी सतरंजी गेली. तिसऱ्या दिवशी गोधडी, चौथ्या दिवशी रजई. कुलूप शाबूत, ढब्बूचं भुंकणं नाही. चोर अंथरूण नेतो आणि नवे बूट तिथेच ठेवतो, हे कुठलं गणित?

बायकोला विचारायची सोय नव्हती. सगळा माल तिच्याच कपाटातून, तिला न सांगता काढलेला.

तिकडे शार्दूलला रोज उघडी फळीच दिसत होती. "बाबा, जमत नसेल तर सांगा. महादेवपुऱ्यात कुत्र्यांचं हॉस्टेल आहे, हीटरवालं."

म्हणजे कुत्रा जाणार, आणि त्याच्यामागून फोनही.

संशयाला जागा एकच: समोरच्या इमारतीचा वॉचमन देवाप्पा. रत्नाकररावांनी आडून विचारलं की थंडी फार आहे, पांघरायला कुठून काही मिळालं का. देवाप्पा निपाणीकडचा, त्याला आडून बोललेलं सरळ कळलं. त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढून पुढे धरलं. "गावचं आहे सार. उलटून बघा."

रत्नाकररावांनी बघितलं नाही, पण नकोही म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी हाती लागेल ते म्हणून मरून रंगाची शाल घातली. सकाळी सुक्या कचऱ्याची गाडी आली, आणि गाडीवरच्या भागुबाईच्या अंगावर तीच शाल.

"ही कुठली?"

"अक्कांनी दिली की. रोज एक घडी करून भिंतीवर ठेवत्यात. लई पुण्य लागंल बघा."

त्या गल्लीत कंपाउंडच्या भिंतीवर घडी करून ठेवलेली वस्तू म्हणजे ज्याला हवी त्याची. तेवढ्यात हेमलताबाई बाहेर आल्या.

"मी कुठं दिलं? रांगोळी काढायला मध्ये येतं म्हणून अंधारातच, न बघता घडी करून भिंतीवर ठेवते. साडेपाचला सगळ्यांचीच सकाळ होते, कुत्र्याची का होऊ नये? नंतर तुम्ही आत नेता ना?"

"मी?"

"मग रोज नवीन कसं येतं? मला वाटलं, धुवायला टाकता. जन्मभर कारखान्यात माणसांच्या पाळ्या लावल्या, आता चादरींच्या लावल्या असतील."

मग त्यांची नजर शालीवर गेली. बहिणीनं साठीला दिलेली. भागुबाई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत शाल उतरवायला लागली.

"राहू दे," हेमलताबाई म्हणाल्या. "हातानं धू. मशीनला लावू नकोस."

त्या दिवसापासून देवघराचं दार लागलं आणि ढब्बू सोफ्यावर आला. शार्दूलनं पाहिलं, खूश झाला. म्हणाला, आता काळजी मिटली, रोज त्रास देत नाही, रविवारी करतो.

रत्नाकरराव समोरच्या फाटकाशी जाऊन चूक झाली म्हणाले, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात. देवाप्पा "सरी सार", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाला आणि रजिस्टरमध्ये बघत राहिला.

एकूण असं झालं: भागुबाईच्या वस्तीत पाच पांघरुणं गेली, ढब्बूला सोफा मिळाला. हेमलताबाईंची शाल गेली आणि धनुर्मासाचं सोवळंही. रत्नाकररावांची आठवड्यातली सहा मिनिटं गेली. आणि देवाप्पाचा सकाळचा नमस्कार बंद झाला, तो त्या गल्लीत एकट्या रत्नाकररावांपुरताच.