‘वाण’ लिहायचं राहिलं

मी एक जुना थर्मास आहे, आणि हे मी नव्हे, माझं पोटच सांगतं. त्यावर निळ्या रंगात ठळक ‘जुना’ असं लिहिलेलं आहे. चहाचा थर्मास नव्हे हं, मित्रांनो! सरकारी कागदात मला नत्रपात्र म्हणतात. माझं अंग गुबगुबीत, मान चिंचोळी आणि पोटात द्रवरूप नायट्रोजन. असा गारठा, की बर्फालाही हुडहुडी भरावी. झाकण उघडलं की माझ्या तोंडातून पांढरी वाफ निघायची. तोच माझा श्वास होता.

कारखान्यातून मी थेट जनावरांच्या सरकारी केंद्रात आलो. तिथे तांबड्या, ठेंगण्या देशी गाई जपायची योजना होती. या गाई उन्हाला भीत नाहीत आणि पाला-पाचोळ्यावरही भागवतात, पण दूध बेताचंच देतात. म्हणून लोकांनी त्यांना कधीच निरोप दिला होता. त्यांच्यात एकच वळू असा निघाला, की त्याच्या लेकी आयांच्या दुप्पट दूध देत. त्याचं नाव थोरला. थोरला गेला, तेव्हा त्याचं गोठवलेलं वीर्य बारीक नळ्यांत भरून माझ्या पोटात ठेवलं. त्या नळ्यांना कांड्या म्हणतात. पुढे त्यातल्या नऊच उरल्या.

मला सांभाळायचे ते काका. ते केंद्रात परिचर होते. दर सोमवारी ते माझ्या पोटात लाकडी पट्टी बुडवत, बाहेर काढून हवेत हलवत आणि तिच्यावर पांढरं दहिवर किती बोटं चढलं ते मोजत; तेवढाच आत नायट्रोजन. “आठ बोटं. मजेत आहे गडी!” असं म्हणून माझ्या मानेवर थाप मारत. चार बोटांच्या खाली त्यांनी मला कधी जाऊ दिलं नाही.

एकदा केंद्रात विलायती वळूंच्या कांड्यांसाठी नवे थर्मास आले. गोंधळ नको म्हणून काका ब्रश घेऊन माझ्यापुढे बसले. त्यांना ‘जुना वाण’ लिहायचं होतं. ‘जुना’ झालं आणि डबीतला रंग संपला. “राहू दे, उद्या लिहू,” काका म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, मग घाई कसली?

काका निवृत्त झाले. जाताना त्यांनी योजनेतली एक तांबडी कालवड सांभाळायला घरी नेली. थोरल्याशी रक्ताचं नातं नसलेल्या दूरच्या कळपातली ती शेवटची होती. ती वयात आली की माझ्या कांड्या तिच्यासाठी वापरायच्या, असं केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी ठरवलं होतं.

मग भांडारात नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, टापटिपीचा होता. त्यांनी माझं पोट वाचलं आणि म्हणाले, “जुना? मग ह्यात नायट्रोजन कशाला भरायचा? ठेवा मागे, भंगारात.”

मी पत्र्याच्या शेडमध्ये तुटक्या खुर्च्यांशेजारी पडलो. मित्रांनो, मला तोंड आहे, पण आवाज नाही. सोमवार यायचा आणि जायचा. सहा बोटं, चार बोटं, दोन बोटं. कुणीतरी पट्टी बुडवा रे! नायट्रोजनची गाडी फाटकातून आत यायची, नव्यांची पोटं भरायची आणि निघून जायची. मी तिची घरघर ऐकत राहायचो. शेवटचं बोटही उडालं, तेव्हा थोरल्याच्या कांड्या माझ्या पोटात कोमट होऊन निकामी झाल्या. मी त्यांना धरून ठेवू शकलो नाही.

चौथ्या दिवशी सकाळी फाटकाशी हंबरणं ऐकू आलं. कालवड वयात येऊन पहिल्यांदा माजावर आली होती. काका तिला घेऊन आले होते आणि डॉक्टरबाई मला शोधत धावत शेडमध्ये आल्या. त्यांनी झाकण उघडलं. वाफ आली नाही. त्यांनी पट्टी बुडवली, हलवली, पुन्हा बुडवली. पट्टी कोरडीच निघाली.

“पण त्याच्यावर तर जुना लिहिलं होतं, मॅडम,” साहेब पुटपुटले. त्यांचा चेहरा पडला होता.

“अहो, थर्मास नाही जुना! आतला वाण जुना!” बाईंचा आवाज फाटला.

तोवर काका दाराशी आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे येऊन माझ्या पोटावरच्या अक्षरावर बोट ठेवलं. “त्यांना नका बोलू, बाई,” ते म्हणाले. “ते अक्षर माझं आहे. एकच शब्द राहिला होता हो. एकच.”

दुसऱ्या दिवशी ते निळ्या रंगाची डबी घेऊन आले. त्यांनी माझ्या पोटावर ‘वाण’ लिहिलं. बाहेर कालवड अजून हंबरत होती.

मित्रांनो, कशावरही ‘जुना’ लिहिलेलं दिसलं, तर टाकण्याआधी झाकण उघडून आत बघा. आणि उद्या लिहू म्हणून ठेवलेला एखादा शब्द तुमच्याकडेही असेल, तर आत्ता उठा आणि तो लिहा.