देवीच्या पुढ्यातल्या चकत्या

जत्रा सरली, पालं उठली, तरी आनंदीबाईचं खाजं परातीत जसंच्या तसं होतं आणि तिचा पाय काही दुकानात ठरत नव्हता. घडीत दारात, घडीत रस्त्यात, घडीत शेजारच्या कॉन्स्टान्सियो सुताराच्या पडवीत. बेसनाच्या कांड्या तळून गुळाच्या पाकात घोळवाव्यात तर तिनेच. तिच्या हातचं खाजं न्यायला लोक खाडी ओलांडून यायचे. आता तेच लोक दुकानासमोरून मान खाली घालून जात होते.

"काकी, जरा बस गो," कॉन्स्टान्सियो रंधा थांबवून म्हणाला. "येरझारे घालून चकत्ये येवचे नाय."

"मगे कशान येतले तां तू सांग," ती फणकारली, आणि पुन्हा रस्त्यात.

ह्या चकत्यांचं मूळ सांगायला हवं. नवे पैसे निघाले त्या साली लोकांनी जुने आणे गाडग्यांत दडवले, नवे पुरेसे आलेच नाहीत, आणि बाजारात सुट्ट्याची बोंब झाली. तेव्हा खाडीकाठच्या ह्या बाजारातल्या दुकानदारांनी डोकं चालवलं. कॉन्स्टान्सियोने करवंटीच्या गोल चकत्या कापल्या, तापल्या लोखंडाने त्यांवर मासा डागला आणि एक चकती म्हणजे एक आणा असं ठरलं. मीठ घ्या, पाव घ्या, डोईचे केस कापून घ्या, चकती चाले. खाडीपलीकडे तिला कुत्रं विचारत नसे. म्हणून तर चकती ज्याच्या कनवटीला, तो फिरून फिरून ह्याच बाजारात येई. तळेऱ्याहून ट्रकने माल आणणाऱ्या एका शेटने सडकेवर भलंमोठं दुकान थाटलं, स्वस्त लावलं, तरी बाजार हलला नाही.

हलवला तो जत्रेने. देवीपुढे काहीतरी ठेवायला हवं, आणि सुट्टं नाणं तर नाही. एकाने चकती ठेवली. मग काय, मेंढरंच आपण! बघता बघता देवीपुढे चकत्यांची रास पडली आणि बाजार कोरडा झाला. देवीपुढे पडलं ते देवीचं, त्याला हात लावायची छाती कुणाची? नव्या कापाव्यात तर सगळ्यांनी देवीसमोरच शपथ घेतलेली, आहेत त्याहून एकही जास्त कापणार नाही म्हणून. नोट मोडायला लोक सडकेवरच्या शेटकडे जाऊ लागले, आणि नोट मोडायची म्हणजे माल तिथलाच घ्यायचा.

बाकीच्यांचं निभावलं असतं. कुणाची बागायत, कुणाचा मुलगा मुंबईस कमावता. आनंदीबाईला दुकानाशिवाय काही नव्हतं. नवरा जाऊन वर्षं झाली होती. मुंबईचा दीर येईल तेव्हा म्हणायचा, दुकान मोडा, आमच्याकडे चला. म्हणजे गिरणगावातल्या त्याच्या खोलीत खानावळीच्या गड्यांना जन्मभर भाकऱ्या थापायच्या आणि वर उपकार मानायचे. शिमग्याला तो यायचा होता. तोवर चकत्या फिरल्या नाहीत तर जायचंच होतं.

दुकानदारांनी देवीला कौल लावून पाहिला होता. धोंडू गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर देवीचं हो, डावी पडली तर नाही. "माउली, चकत्ये बाजाराक परत दी," असं गाऱ्हाणं घातलं आणि डावी पाकळी लगेच गळली. "देवाक काळजी," म्हणत सगळे घरी गेले. आनंदीबाईला त्या शब्दांचाच राग आला. देवाला काळजी आहे म्हणून माणसाने काय हातावर हात ठेवून बसायचं?

त्या रागातच चालता चालता तिला काहीतरी सुचलं. ती तशीच देवळात गेली. मानकरी भिकाजी चौथऱ्यावर बसला होता, धोंडू समया पुसत होता. गाऱ्हाण्यात बाईमाणूस बोलत नाही, आणि विधवा तर खांबाआडच उभी राहते. आनंदीबाई पुढे आली.

"माहेरवाशिणीक दिलेली चोळी कोण परत मागता?" तिने विचारलं. "तुमी देवीकडे तांच मागलात. ती नायच म्हणतली."

"मगे काय मागूचां?" भिकाजीने कपाळाला आठ्या घातल्या.

"मागू नकात. खर्च करतलंस काय, तां इचारा. तिका तेल लागता, वाती लागतत, नारळ लागतत. तां सगळां आज खंयसून येता? सडकेवरच्या शेटकडसून. तिचे चकत्ये आसत, तर तिना आपल्या बाजारात्सून घेवचां."

"आता बाईलमाणसान देवळात शिकवूचां?"

"इचारूक काय जाता," धोंडू म्हणाला आणि पाकळ्या भिजवायला उठला.

गाऱ्हाणं झालं. पाकळ्या हलेनात. डावी पडली तर उद्या गाव म्हणणार, अवदसेने देवीला कोपवली. आनंदीबाई कधी उजवीकडे बघे, कधी डावीकडे, शेवटी तिने डोळेच मिटले. भिकाजीच्या तोंडून "व्हय म्हाराजा" ऐकलं तेव्हा ते उघडले. उजवी पाकळी खाली पडली होती.

दुसऱ्या दिवसापासून देवी बाजाराला लागली. तेल्याकडे चकत्या गेल्या, नारळवाल्याकडे गेल्या. मोडक्या पालखीचं काम कॉन्स्टान्सियोला मिळालं, ख्रिस्ताव असून. लोकांच्या हातांत चकत्या खुळखुळू लागल्या. आनंदीबाई दारात उभी राहून बघायची, बरं वाटायचं, आणि आतून पोखरल्यासारखंही व्हायचं. तिच्या दुकानी अजून कुणी आलं नव्हतं. देवीने घेतलं नाही त्या दुकानचं आपण कसं घ्यावं, असं लोकांनी ठरवलेलं दिसत होतं. बाजार वाचला आणि आपणच तेवढ्या बुडालो, असं तिला वाटू लागलं.

मग एका सकाळी धोंडू गुरव आला आणि त्याने फळीवर चकत्या ओतल्या.

"दोन शेर खाजां होयां."

"तुज्या घराक?"

"देवीक. निवेदाक."

तिचा हात तागडीवरच राहिला. "धोंडू, माज्या हातचां निवेदाक चलात? भिकाजीक इचारलंस?"

"भिकाजीक कित्याक इचारू? पैशे काय भिकाजीचे आसत?" धोंडूने परातीकडे बोट केलं. "ह्यां जुनां नको. ताजां करून दी."

ताजं करायला घरात मूठभर बेसन नव्हतं. आनंदीबाईने चकत्या पदरात घेतल्या आणि ती वाण्याकडे निघाली. भर बाजारातून रडत गेली, आणि कोण बघतंय याची तिला पर्वा नव्हती.