ओळीत न बसणारा आकडा

अपर्णाने शेरा टाइप केला, ‘हा आकडा शेजारच्या अणुकेंद्रकांच्या ओळीत बसत नाही. लेखकाने फेरविचार करावा.’ कुणा अनोळखी संशोधकाचा निबंध तिच्याकडे तपासायला आला होता. अजून निम्मा बाकी होता आणि डोळे मिटत होते. तेवढ्यात तिच्या विद्यार्थ्याचा, पुष्करचा, विद्यापीठातून फोन आला.

“मॅडम, तुमचं केंद्रक शेवटी प्रयोगशाळेत मोजलं! आयुष्य निम्मंच निघालं. तुमचा पहिला आकडा बरोबर होता!”

“बरं,” म्हणून तिने फोन ठेवला.

समोर आरामखुर्चीत सासरे प्रतापराव बसले होते. उभी हयात वकिलीत गेलेली; पलीकडचा आवाज कानावर पडला की प्रकरण तडीला नेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

“हौ, आकडा बरोबर आला ना? मग तोंड असं का? आबिड्सच्या बाजारातून मिठाई मागवू?”

“नको बाबा. तो आकडा मी छापलाच नाही.”

मग तिने सांगितलं. कुणाला अजून बनवता न आलेली केंद्रकं बीटा कण फेकून किती वेळात बदलतील, हे ती गणिताने काढायची. ताऱ्यांच्या स्फोटात सोनं किती घडतं, बंद केलेली अणुभट्टी किती वेळ तापलेली राहते, हे असल्या आकड्यांवर ठरतं. काही वर्षांपूर्वी एका केंद्रकाचं आयुष्य शेजाऱ्यांच्या निम्मं आलं. तिचा निबंध तपासणाऱ्याने शंका काढली. तेव्हा तिची मुलगी ईशा तान्ही होती, झोप नव्हती, वाद घालायचं त्राण तर नव्हतंच. तिने गणितातला एक स्क्रू पिळला, म्हणजे एक गृहीत किंमत जराशी बदलली, आणि आकडा मुकाट ओळीत येऊन बसला.

प्रतापरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

“म्हणजे साक्षीदार खरं बोलत होता. आणि फोडला त्याला आपल्याच वकिलाने.”

तिला रडू आलं नाही, रागच आला. स्वतःचा. एवढं काय मेलं घाबरायचं होतं?

“आणि तो शंका काढणारा? कोण होता?”

“नाव कळत नसतं बाबा. असेल कुणीतरी दमलेला. वाचता वाचता डोळे मिटत असतील...”

ती बोलायची थांबली. तिने लॅपटॉप पुढे ओढला, मघाचा शेरा एकदा वाचला आणि पुसून टाकला.

‘कारण सविस्तर द्यावं,’ तिने लिहिलं. ‘आकडा बदलू नये.’

मग तिने डोळ्यांवर पाणी मारलं आणि निबंध पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतला.