निळं धोतर

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि गंगाधरपंत कडाडले, "हे कुणाचं धोतर नेसवलंय मला? निळं आहे हे!"

हळदीचा रंग पारखावा तो पंतांनीच, असं शहाण्णव साली सांगलीचा सगळा बाजार म्हणायचा. त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू आणि त्यामागे साकळलेलं रक्त डॉक्टरांनी एकाच बैठकीत, बारीक छिद्रांतून काढलं होतं.

"तुमचंच आहे," त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई म्हणाल्या. "धोतर पिवळं राहतं म्हणून सहा वर्षं माझ्यावर ओरडताय. मी दर धुण्याला नीळ वाढवत गेले."

पंतांनी बरा झालेला डोळा झाकला. मोतीबिंदू अजून तसाच असलेल्या दुसऱ्या डोळ्याला धोतर मळकट पिवळंच दिसलं; भिंतही तशीच, डॉक्टरांचा कोटही तसाच. हात काढला, तर सगळं पांढरंशुभ्र आणि धोतर तेवढं निळं.

"असा मी बाजारात हिंडलो? कुणी सांगितलं कसं नाही?"

"अहो, रंगाबद्दल तुम्हाला सांगायची कुणाची टाप होती?"

सहा वर्षं 'सोन्यासारखी' म्हणून पास केलेली हळद पंतांच्या डोळ्यांपुढे आली, आणि काही केल्या ती पिवळी दिसेना.