वन्संचं हसू

खेळणी शिवणाऱ्या वहिनींचं कापडी बदक पोट दाबलं की हसायचं, आणि ते हसू त्यांच्या नणंदेचं होतं. आधी खुदूखुदू, मधेच उचकी, मग नुसता गडगडाट. बदकाचं रूप आणि आवाज वहिनींनी इथे आणि परदेशातही रीतसर नोंदवला होता. तरी हल्ली परदेशी मागणी एकदम आटली होती आणि वहिनींची झोप उडाली होती.

एके सकाळी बौद्धिक संपदा कार्यालयातल्या साहेबांचा फोन आला. समुद्रापलीकडच्या बंदरात कस्टमने कंटेनर अडवला होता. आत बदकंच बदकं. "ओळख पटवायचीय. लगेच व्हिडिओवर या."

पडद्यावर साहेब, तिकडच्या अधिकारी बाई आणि दुभाषी असे तिघं दिसले. बाईंनी हातमोजे घालून बदक दाबलं. ते हसलं, तशा वन्सं स्वयंपाकघरातून पळत आल्या.

"वहिनी, हे तर माझं हसू."

"हसू तुमचंच, वन्सं. पण बदक माझं नाही. माझी शिवण अशी वाकडी नसते."

अधिकारी बाईंना पडताळणीसाठी मूळ हसू ऐकायचं होतं. वन्सं खुर्चीत बसल्या आणि त्यांचा चेहरा दगड झाला.

"हसा की."

"हस म्हटल्यावर कोण हसतं?"

साहेबांनी विनोद सांगितला, तो पडला. शेवटी वहिनींनी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात दुभाषी सपाट आवाजात म्हणाला, "अधिकारी विचारतात, खुर्चीतल्या बाईंना गुदगुल्या करायला दोन्ही देशांची संमती लागेल का?"

वन्संना हसू फुटलं. खुदूखुदू, उचकी, गडगडाट. अधिकारी बाईंनी घाईने बदक दाबलं आणि दोन्ही उचक्या एकाच ठिकाणी पडल्या. साहेब टेबलावर आडवे झाले. बाई हातमोज्याने डोळे पुसू लागल्या.

"अधिकारी हसत आहेत," एवढं सांगून दुभाषीही गेला कामातून.

कंटेनर जप्त झाला. दोन्ही कार्यालयांनी मिळून तिसऱ्याच देशातला कारखाना शोधला आणि तिथल्या पोलिसांनी त्याला टाळं ठोकलं. महिन्याभरात मागणी पुन्हा सुरू झाली.

व्हिडिओच्या त्या दिवशी मात्र वहिनींना काही सुचेना. कापड बेतायला घेतलं की वन्संकडे लक्ष जायचं आणि कात्री भलतीकडेच पळायची.

"वन्सं, तुम्ही जरा बाहेर जाऊन या बरं," त्या हसू दाबत कशाबशा म्हणाल्या. "दोन बदकं बिनमानेची कापली मी."