धोंड्याचं वाण

शनिवारी दुपारी साडेबाराला राजुरीच्या कुंडलिकअण्णांनी जुन्या जीपची किल्ली जावयाच्या ताटाशेजारी ठेवली. अधिक महिना संपत आला होता. लेक-जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, तर वाणही तोलामोलाचं हवं, असं त्यांचं म्हणणं. लोक चांदीचा दिवा देतात. अण्णांनी गाडी दिली.

त्यांचा मुलगा आदेश तेव्हा तूप वाढत होता. जावयाच्या, सार्थकच्या पुरणाच्या दिंडांवर त्याने तूप घातलं आणि पुढच्या पानाकडे गेला.

ती हिरवी जीप अण्णांच्या नावावर होती, पण तिच्याखाली उताणं पडून ज्याचे सदरे तेलकट झाले तो आदेश. चढाला पुढच्या चाकांचा गिअर कधी टाकायचा, हे त्याच्या हाताला पाठ होतं. गाडी माझ्या नावावर करा, असं त्याने अनेकदा सुचवून पाहिलं. "तुला काय, तू घरातलाच," एवढंच उत्तर मिळालं. सार्थकच्या घोडेगावच्या दारात नवीकोरी मोटार उभी होती. आहुप्याला पर्यटकांसाठी तंबू टाकतोय, अशी जुनी गाडी तिथं शोभेल, असं तो दिवाळीत बोलता बोलता म्हणाला होता. अण्णांनी ते लक्षात ठेवलं.

"ब्रेक तेवढे करून दे," अण्णा आदेशला म्हणाले. "सोमवारी अमावास्या. त्याच्या आत गाडी पावण्यांच्या दारात पायजे."

"राहू द्या अण्णा, मी घोडेगावला करून घेईन," सार्थक म्हणाला.

"वाण मोडकं देत्यात व्हय, सार्थकराव?"

आदेशला जन्मात कोणी घरात 'आदेशराव' म्हटलं नव्हतं.

मागच्या चाकांच्या ब्रेकचे लायनर झिजून झिजून रिव्हेटा ड्रमला घासत होत्या. ड्रमवर चरे पडले होते. आदेशने ते आळेफाट्याला गेणभाऊच्या लेथवर नेले. तासून झाल्यावर ड्रम आरशासारखे निघाले. परतीच्या वाटेवर मात्र त्याच्या डोक्यात वेगळंच शिजलं. घरी येऊन तो म्हणाला, "ड्रम तडकलाय. नवा मागवावा लागंल. आठ दिवस तरी न्हाई यायचा."

अण्णांनी तिथल्या तिथे गेणभाऊला फोन लावला. मग फोन खिशात ठेवून, जावयासमोरच, आवाज न चढवता म्हणाले, "गेणभाऊ म्हणतो, ड्रमला काय धाड भरली न्हाई."

सार्थक खाली बघत राहिला. त्याने हसायला हवं होतं, असं आदेशला वाटलं. हसला असता तर निदान राग तरी धरता आला असता.

रविवारी दुपारी नवे लायनर बसले. आता ब्रेकच्या नळीतली हवा काढायची राहिली. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडल मारायला आणि एक चाकाशी हवा सोडायचं निपल सैल करायला. सार्थक बाह्या सारून उठला.

"बसा तुमी," अण्णा ओट्यावरून म्हणाले. "धोंड्याला आलेल्या जावयाला कामाला लावलं तर गाव काय म्हणंल?"

मग तेजस्विनी, आदेशची धाकटी बहीण, नवी साडी खोचून स्टिअरिंगमागे बसली.

"मार. मार. धर."

"धरलं."

बाटलीत तेलाबरोबर बुडबुडे आले.

"दादा, मला खळ्यावर हिच्यावरच शिकवलंस. आठवतंय?"

"आठवतंय. मार."

"ह्यांना सांगितलं मी. म्हणून तर ह्यांना गाडी आवडली."

आदेशने पाना जरा जास्तच आवळला. तेवढी एक गोष्ट दोघा भावंडांची होती, तीही आता सार्थकची झाली.

डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या कडेला ओल दिसली. त्याने फडक्याने पुसली. पुन्हा ओल आली. ब्रेकच्या सिलेंडरचं रबर गेलं होतं, तेल झिरपत होतं. या जुन्या गाडीत चारी चाकांना एकच नळी. एकीकडून तेल गेलं की सगळेच ब्रेक गेले. रबर सोमवारी दुकान उघडल्यावरच मिळणार होतं.

तो ओट्याशी गेला. "अण्णा, सिलेंडर गळतंय. आज गाडी न्यायला नको."

"काल ड्रम, आज सिलेंडर. उद्या टायर म्हणशील."

"या, बघा की खाली वाकून."

"काल मी गेणभाऊला फोन केला, तवाच सगळं बघितलं."

आई, साळुबाई, हळूच म्हणाली, "असं करू नये बाळा. बहिणीचं हाय ते."

सार्थकने अंगणात गाडी फिरवून जोरात ब्रेक दाबला. चाकं जागच्या जागी थांबली. "मस्त काम केलंत, दादा," तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं.

आदेशने किल्ली काढून घेतली असती तर गाडी हलली नसती. पण त्याने हिशेब केला. घोडेगावपर्यंत सपाट रस्ता. गळती बारीक. फार तर मंचरच्या भर बाजारात पेडल तळाला जाईल, पावणे गाडी ढकलतील, चार लोक हसतील. मग अण्णांना कळेल. हा विचार त्याला गोड लागला आणि तो बाजूला झाला. साळुबाईने बॉनेटवर कुंकू लावलं. गाडी गेली. ती उभी होती तिथे मातीत बंद्या रुपयाएवढा तेलाचा डाग होता.

साडेपाचला तेजस्विनीचा मेसेज आला. 'दादा, घरी न थांबता तसंच आहुप्याला निघालो. तंबू दाखवायचेत म्हणतात. डिंभे मागं पडलं. पेडल जरा खोल जातंय. हे म्हणतात, नवीन लायनर बसेपर्यंत असंच होतं. खरं का?'

आदेशने फोन लावला. संपर्काबाहेर. डिंभ्यापुढे आहुप्याचा चढ-उतारांचा घाट, तिथं रेंज नसतेच. 'गाडी आहे तिथंच थांबव' एवढं लिहून त्याने मोटारसायकल काढली.

"आता काय काढलंस?" अण्णांनी विचारलं.

त्याने मेसेज दाखवला. अण्णांनी तो वाचला, मग जाऊन मातीतला डाग बोटाने चोळून पाहिला आणि मागे बसले.

डिंभ्याच्या पुढे चहाच्या टपरीवर आदेशने मोटारसायकल थांबवली.

"हिरवी जीप का? दीडएक तास झाला, वर गेली," टपरीवाला म्हणाला. "बाई चालवत व्हती."

"परत आली?"

"न्हाई बा."

आदेशच्या मेसेजसमोर अजून एकच टिक होती; तो तेजस्विनीला पोचलाच नव्हता.