वनस्पतिकोशाचे दोन खंड

ही गोष्ट १९९८ सालची. आमच्या पुढच्या खोलीत अक्षरजुळणीचं काम चालायचं. म्हणजे काम मी करायचे आणि कॉम्प्युटरचं कौतुक आमचे हे करायचे. तो ज्या कंपनीचा होता तिला हे ‘आपली कंपनी’ म्हणत. तिचा एक शेअरसुद्धा आमच्याकडे नव्हता. त्या कंपनीचे कॉम्प्युटर वापरणाऱ्यांचं गावात एक मंडळ होतं, आणि हे त्याचे चिटणीस.

त्या वर्षी चार खंडांच्या वनस्पतिकोशाचं काम माझ्याकडे आलं. संपादक एक निवृत्त प्राध्यापक बाई होत्या. चारही खंडांवर ‘अक्षरजुळणी’ म्हणून माझं नाव छापायचं त्यांनी कबूल केलं होतं. तोवर मी पावतीपुस्तकं आणि नियमावल्या जुळवल्या होत्या. त्यांच्यावर कोण कुणाचं नाव छापतं?

पहिला खंड कसाबसा पार पडला. दुसऱ्यात चित्रं वाढली. नेच्याचं एक चित्र पडद्यावर वरून खाली उमटायला चार मिनिटं लागायची, आणि एक स्वल्पविराम बदलला की पुन्हा पहिल्यापासून. मी तेवढ्यात मटार सोलायचे.

धाकटे दीर सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवत आणि विकत. एका रविवारी ते स्वतःचा एक घेऊन आले आणि तेच नेच्याचं चित्र त्याच्यावर उघडलं. मी घड्याळ धरलं होतं. वीस सेकंद.

“दादा, तुमच्या एकाच्या किमतीत असे तीन येतात,” भाऊजी म्हणाले.

हे चष्मा वर सरकवून पडद्याजवळ गेले. “रेषांत घाई दिसतेय.”

“रेषेला कसली घाई? तिला कुठं गाडी पकडायचीय?”

“तुला नाही कळायचं. आपल्या कंपनीचं अक्षर बघ, कसं भरदार आहे.”

“अहो, ते अक्षर उमटेपर्यंत माझे केस पिकतायत,” मी म्हटलं.

“मंडळात काय सांगू? चिटणिसाच्याच घरी दुसरा कॉम्प्युटर?”

“वहिनी मंडळात टायपिंग करतात का?” भाऊजींनी विचारलं. ह्यांनी पेपर उघडला. म्हणजे विषय संपला.

पण माझी धुसफूस चालूच राहिली, तेव्हा ह्यांनी तोडगा काढला. आपल्याच कॉम्प्युटरला जास्तीची मेमरी आणली. चार मिनिटांची साडेतीन झाली. मग मोठी डिस्क आली, मग वेगाचं म्हणून एक कार्ड. प्रत्येक वेळी हे म्हणत, “आता बघ.” मी बघत बसायचे, दुसरं करण्यासारखं काही नसायचंच. त्या सुट्या भागांच्या पैशांत भाऊजींचे दोन कॉम्प्युटर आले असते. मीही तेव्हा गप्प बसले. घरात वाद नको म्हणून गप्प बसायची मला फार वाईट सवय होती.

दुसरा खंड पाच महिने उशिरा गेला. बाई स्वतः घरी आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

“तुमचं काम चोख आहे, पण माझं वय थांबत नाही हो. पुढचे दोन खंड दुसरीकडे दिलेत,” त्या म्हणाल्या.

“मी नवा कॉम्प्युटर आणते. उद्याच.”

“हेच मला सहा महिन्यांपूर्वी हवं होतं.”

हे आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि बाहेर आले नाहीत.

बाईंनी चौथा खंड हातात घेतला आणि त्यानंतर वर्षभरात त्या गेल्या. तयार कॉम्प्युटर स्वस्त झाल्यावर भाऊजींचा धंदा बसला. आता ते लेकीकडे असतात आणि तिथल्या सगळ्यांचे फोन बिघडवतात. मंडळ आपोआप मोडलं. ह्यांनी २००१ साली भाऊजींकडून एक कॉम्प्युटर मागवला, माझ्या टेबलावर मांडला आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. शेवटपर्यंत नाही. त्याच्यावर मी पुढं बारा वर्षं पुष्कळ पुस्तकं जुळवली, कोश मात्र एकही नाही.

चारही खंड माझ्याकडे आहेत. तिसऱ्यावर आणि चौथ्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आहे. तिसऱ्यात मला आजवर एकवीस चुका सापडल्यात. चौथा वाचायचाय.